पॅनेल वायरिंगमध्ये शिकाऊ उमेदवारी: जळगावचा लहान कारखाना की बाहेरची हार्नेस लाइन?

प्रश्न
तापीकाठ, चोपडा तालुका

नमस्कार. मी चोपडा तालुक्यातील असून शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम यंदा पूर्ण केला आहे. आमची केळीची शेती आहे. बोअरवरचा स्टार्टर, त्यातला सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटार बंद करणारे उपकरण), कॉन्टॅक्टरची (विजेने ओढल्या जाणाऱ्या स्विचची) कॉइल हे सारे लहानपणापासून उघडे पाहिलेले असल्यामुळे खांबावरच्या लाइनपेक्षा पेटीच्या आतले काम मला अधिक आवडते आणि पुढेही तेच करायचे असे मनात पक्के आहे.

सध्या दोन ठिकाणांहून बोलावणे आले आहे. पहिले जळगाव एमआयडीसीतील एका लहान कारखान्याचे. तेथे पाणीपुरवठ्याचे पंप, डाळ मिल आणि जिनिंग यांच्यासाठी मोटार कंट्रोल पॅनेल, म्हणजे मोटारी चालू-बंद करणाऱ्या व सांभाळणाऱ्या उपकरणांच्या पेट्या, तयार होतात. एक वर्षाची शिकाऊ उमेदवारी आहे आणि नियमाप्रमाणे विद्यावेतन मिळेल. दुसरे छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज येथील वायर हार्नेस (वाहनात किंवा यंत्रात बसवायच्या तारांच्या जुड्या) बनविणाऱ्या कारखान्याचे. तेथे कंत्राटदारामार्फत ‘ट्रेनी’ म्हणून घेणार आहेत, राहण्याची व बसची सोय आहे आणि हाती येणारी रक्कम जळगावपेक्षा बरीच जास्त आहे.

घरात दोन मते आहेत. वडिलांचे म्हणणे, जिथे शिकायला मिळेल तिथे जा. काकांचे म्हणणे असे की टेबलावर बसून तारा जोडण्यात शिकण्यासारखे काही नसते, ते काम उद्या यंत्रे करतील, तेव्हा पैसे जिथे जास्त तिथे जावे. या व्यवसायात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांकडून मला जाणून घ्यायचे आहे की या कामात खरे कौशल्य कोणते, ते कुठे अधिक चांगले शिकता येईल, आणि निवडीच्या वेळी प्रात्यक्षिक घेतले तर कशाची तयारी ठेवावी.

उत्तर 1
पॅनेल सुपरवायझर, जळगाव

ताई, पैशाचा विचार घरच्यांनी करणे योग्यच आहे, पण आधी काम काय असते ते सांगतो, कारण काकांचा गैरसमज फार सार्वत्रिक आहे आणि तो दूर झाल्याशिवाय पुढचा निर्णय नीट होणार नाही.

पॅनेल वायरिंग म्हणजे तयार पेटीत तारा जोडणे नव्हे. ड्रॉइंग हातात आल्यावर प्रथम माउंटिंग प्लेटवर आखणी होते. उपकरणे अडकवायची 35 मिलिमीटरची डीन रेल (धातूची पट्टी) कुठे, तारा ज्यातून जाणार ती पीव्हीसी चॅनेल कुठे, गरम होणारी उपकरणे वर की खाली, बाहेरून येणाऱ्या केबलला ग्लँड प्लेटपासून (केबल आत घेण्याच्या पत्र्यापासून) टर्मिनलपर्यंत वळायला जागा किती हवी, हे सारे तेव्हाच ठरते. पुढे भोके पाडून आटे मारणे, उपकरणे बसविणे, बसबार (मोठा प्रवाह वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्या) वाकवून जोडणे, मग पॉवरचे वायरिंग आणि शेवटी कंट्रोलचे वायरिंग, असा क्रम असतो. बाहेरच्या माणसाला शेवटचा टप्पा तेवढा दिसतो आणि त्यालाच तो वायरिंग समजतो.

त्या शेवटच्या टप्प्यातील एकच तार घ्या. दीड स्क्वेअरची, म्हणजे दीड चौरस मिलिमीटर छेदाची तार मापाने कापली, दोन्ही टोकांना फेरूल, म्हणजे क्रमांक छापलेली बारीक नळी, घातले आणि साल काढली. साल काढताना ब्लेड खोल गेले तर आतल्या बारीक तांब्याच्या तारांपैकी दोन-तीन कापल्या जातात. त्या जागी छेद कमी होतो, तार तेथे गरम होते आणि कंपनाने तेथेच तुटते. साल कमी निघाली तर लगच्या (तारेच्या टोकाला बसणाऱ्या धातूच्या जोडाच्या) नळीत तांब्याऐवजी प्लॅस्टिक दाबले जाते. साल जास्त निघाली तर उघडे तांबे टर्मिनलबाहेर राहते. लग मापाचा नसेल किंवा क्रिंपिंगच्या (लग तारेवर दाबून बसवण्याच्या) पकडीतला खाचा चुकीचा निवडला असेल, तर जोड डोळ्याला ठीक दिसतो आणि ओढल्यावर निसटतो. म्हणून आमच्याकडे नव्या मुलांना प्रत्येक क्रिंप हाताने ओढून पाहण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावतो. तारेच्या टोकाला सोल्डर लावून स्क्रूखाली दाबण्याची पद्धत गावाकडे दिसते, तीही सोडावी लागते. शिसे-कथिलाचा मऊ धातू दाबाखाली हळूहळू पसरतो आणि आज घट्ट असलेला स्क्रू काही महिन्यांनी सैल होतो.

हे एका टोकाचे झाले. एका मध्यम पॅनेलमध्ये अशी शेकडो टोके असतात आणि त्यांतले एक सैल राहिले तरी ऐन हंगामात कोणाची तरी मिल बंद पडते. दार बंद झाल्यावर हे काम कोणालाही दिसत नाही. ते करणाऱ्याच्या सवयींवरच सारे अवलंबून असते. माझ्या मते या व्यवसायातील खरे कौशल्य इथे आहे.

दुसरे कौशल्य ड्रॉइंग वाचण्याचे. फेरूलवरचा क्रमांक पाहून तार इथून तिथे नेणारा माणूस वेगळा आणि ही तार ओव्हरलोड रिलेच्या (प्रवाह जास्त झाला की मोटार बंद करणाऱ्या उपकरणाच्या) बंद संपर्कातून कॉइलकडे का जाते हे सांगू शकणारा वेगळा. पहिल्याला आयुष्यभर तारा ओढाव्या लागतात. दुसरा पुढे टेस्टिंगला जातो, साइटवर कमिशनिंगला (पॅनेल बसवून सुरू करून द्यायला) जातो, पीएलसीकडे (प्रोग्रॅमवर चालणाऱ्या कंट्रोलरकडे) वळतो किंवा स्वतःचे छोटे काम सुरू करतो. लहान कारखान्यात एकाच वर्षात कापण्यापासून तपासणीपर्यंत सर्व टप्पे हाताखालून जाण्याची शक्यता जास्त, म्हणून माझा कौल जळगावला.

मात्र एक सावधगिरी सांगितली पाहिजे. सगळेच लहान कारखाने शिकवतात असे नाही. काही ठिकाणी शिकाऊ उमेदवाराला वर्षभर चॅनेल कापणे, फेरूल छापणे आणि माल उतरवणे यांतच ठेवतात. होकार देण्यापूर्वी तेथे जाऊन दोन गोष्टी पाहा. वायरमनच्या टेबलावर ड्रॉइंग उघडे असते की साहेबांच्या कपाटात असते? आणि मागच्या वर्षीचे शिकाऊ उमेदवार आज कोणते काम करत आहेत? ही दोन उत्तरे मिळाली की बाकीचे काही विचारावे लागणार नाही.

उत्तर 2
हार्नेसवाली, मूळ रावेर

वरील दादांचे बहुतेक म्हणणे मला मान्य आहे, परंतु हार्नेसचे काम म्हणजे कमी प्रतीचे काम असा जो सूर त्यातून निघू शकतो, त्याबद्दल लिहिणे भाग आहे. मी स्वतः या कामात आहे आणि त्यानेच मला उभे केले.

हार्नेस म्हणजे यंत्रात किंवा वाहनात बसवायची तारांची तयार जुडी. पूर्ण मापाचे ड्रॉइंग फळीवर चिकटवतात, त्यावर खुंट्या ठोकतात आणि प्रत्येक तार ठरलेल्या वाटेने नेऊन कनेक्टरमध्ये बसवतात. या कामासाठी आयपीसी आणि डब्ल्यूएचएमए या उद्योग संघटनांचे ए-620 हे मानक जगभर वापरले जाते. त्यात उत्पादनाचे तीन वर्ग आहेत. तिसरा वर्ग अशा उपकरणांचा, ज्यांनी ऐनवेळी दगा देऊन चालणारच नाही. वैद्यकीय उपकरणे, संरक्षण, अवकाश अशा ठिकाणचे काम त्यात येते. एका क्रिंपमध्ये काय पाहायचे हे तिथे ठरलेले असते: तांब्याच्या तारा नळीच्या पुढे किंचित दिसल्या पाहिजेत, साल आणि नळी यांमधली खिडकी मोकळी दिसली पाहिजे, नळीचे तोंड घंटेसारखे थोडे पसरलेले असले पाहिजे, म्हणजे तिची कडा तारेला कापत नाही. क्रिंपची उंची मायक्रोमीटरने मोजतात, नमुना ओढून किती बलाला सुटतो ते पाहतात, आणि कोणत्या यंत्रावर, कोणत्या लॉटच्या तारेने, कोणी केले याची नोंद ठेवतात. नोंद ठेवण्याची ही शिस्त लहान पॅनेल कारखान्यात क्वचितच मिळते. ज्या मुलीला पुढे गुणवत्ता विभागात जायचे आहे, तिला ती फार उपयोगी पडते.

यंत्रांविषयी काकांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. तार मापाने कापणे, साल काढणे आणि टर्मिनल क्रिंप करणे हे मोठ्या कारखान्यांत यंत्रे करतातच. पण मऊ, वाकणारी तार फळीवर वाटेने नेणे, फाटे काढणे, टेप गुंडाळणे आणि कनेक्टरमध्ये खट् आवाज येईपर्यंत बसवणे हे अजूनही मुख्यतः हातांनीच होते, आणि उत्पादन जितके विशेष व संख्येने कमी, तितका हातांचा वाटा मोठा.

आता उणी बाजू. मोठ्या लाइनवर तुम्हाला एकाच जागेवर उभे करतात. समोरून फळी सरकत येते, तुमच्या वाट्याच्या ठरावीक तारा बसवायच्या आणि फळी पुढे जाऊ द्यायची. हात पटापट चालू लागतात. सर्किट मात्र कळत नाही, कारण संपूर्ण ड्रॉइंग तुमच्यासमोर कधी येतच नाही. त्यात कंत्राटदारामार्फत असाल तर लाइनचे काम कमी झाल्यावर पहिली कपात तुमची होते. म्हणून माझा प्रश्न असा आहे की तेथे नेमके कोणते हार्नेस बनतात. मोटारसायकलींच्या लाखो जुड्या आणि रेल्वे किंवा वैद्यकीय उपकरणांच्या मोजक्या जुड्या, या दोन्हींना हार्नेसच म्हणतात, पण शिकण्याच्या दृष्टीने त्यांत मोठे अंतर आहे. हे कळल्याशिवाय मी जळगावच्या बाजूने किंवा विरुद्ध मत देणार नाही.

राहण्याच्या सोयीबाबत मात्र आधी खात्री करावी. खोलीचे आणि बसचे पैसे पगारातून कापतात का, आणि दुसऱ्या पाळीनंतर बस खोलीच्या दारापर्यंत येते की नाक्यावर सोडते, हे तेथे राहणाऱ्या मुलींनाच विचारा. कंत्राटदाराच्या माणसाकडून खरे उत्तर मिळेलच असे नाही.

प्रश्नकर्तीचा खुलासा
तापीकाठ

दादा आणि ताई, दोघांचेही मनापासून आभार. वाळूजच्या कारखान्यात फोन करून विचारले. मुख्य लाइन दुचाकी आणि ट्रॅक्टरच्या हार्नेसची आहे. रेल्वेच्या डब्यांसाठी लागणाऱ्या जुड्यांचा एक छोटा विभाग वेगळा आहे, परंतु तेथे कोणाला पाठवायचे हे रुजू झाल्यानंतर ठरते, असे सांगण्यात आले. जळगावच्या कारखान्यात पुढच्या आठवड्यात प्रात्यक्षिक आहे. त्यात काय विचारतात, याविषयी कोणी सांगू शकेल का?

उत्तर 3
निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

मुली, तुझा प्रश्न वाचून समाधान वाटले. माझी नोकरी इलेक्ट्रिक इंजिनांच्या देखभालीत गेली, त्यामुळे रेल्वेच्या वायरिंगविषयी दोन शब्द लिहितो.

माथ्यावरच्या तारेत 25 हजार व्होल्ट असतात, म्हणून लोकांचे लक्ष तिकडे जाते. इंजिनाचा कंट्रोल मात्र 110 व्होल्ट डीसीवर चालतो आणि इंजिन मध्येच उभे राहते तेव्हा दोष पुष्कळदा याच कंट्रोल वायरिंगच्या एखाद्या जोडात सापडतो. स्थिर जागी उभ्या असलेल्या पॅनेलला जे सोसावे लागत नाही ते इथे सोसावे लागते, ते म्हणजे सततचे हादरे. म्हणूनच रेल्वेच्या उपकरणांची हादऱ्यांची चाचणी स्वतंत्र मानकानुसार होते, केबल इलेक्ट्रॉन बीमने प्रक्रिया केलेल्या, उष्णतेला आणि आगीला दाद न देणाऱ्या वापरल्या जातात, आणि तार ठरावीक अंतरावर बांधलेली नसेल किंवा पत्र्याच्या कडेवरून रबरी बुशीशिवाय गेलेली असेल तर ते काम परत पाठवले जाते. पत्र्याची कडा तारेची साल एका दिवसात कापत नाही. रोज थोडी थोडी घासून ती कापते आणि दोष अशा वेळी उघड होतो, जेव्हा तार बसवणारा तेथे नसतो.

तेव्हा त्या छोट्या विभागात काम मिळण्याची लेखी हमी असेल तरच वाळूजचा विचार कर. ‘नंतर ठरवू’ या बोलण्यावर घर सोडू नये.

उत्तर 4
पॅनेल टेस्टिंग, धुळे

प्रात्यक्षिकाविषयी विचारले आहे, म्हणून लिहितो. मी नव्या उमेदवारांची निवड करताना जे पाहतो ते सांगतो. जळगावला थोडेफार वेगळे असू शकेल, पण गाभा तोच राहील.

बहुतेक ठिकाणी स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटारीची वाइंडिंग आधी स्टार आणि मग डेल्टा जोडणीत घेणारा) देतात, कारण त्यात तीन कॉन्टॅक्टर, टायमर आणि ओव्हरलोड रिले एवढ्या सामानात उमेदवाराची सारी समज दिसते. मोटार स्टारमध्ये सुरू केली की प्रत्येक वाइंडिंगवर कमी व्होल्टेज येते आणि लाइनमधला सुरुवातीचा प्रवाह थेट डेल्टात सुरू करण्याच्या मानाने एक तृतीयांश होतो, हे पुस्तकात असतेच. परीक्षक यापुढे विचारतो की स्टार आणि डेल्टाचे कॉन्टॅक्टर एकाच वेळी ओढले गेले तर काय होईल. उत्तर असे की तिन्ही फेज एकमेकांना थेट भिडतील. म्हणून एकाच्या कॉइलच्या मार्गात दुसऱ्याचा बंद संपर्क घालतात. तो इंटरलॉक ड्रॉइंगवर बोट ठेवून दाखवता आला पाहिजे. पुढचा प्रश्न ओव्हरलोड रिलेचा. तो वाइंडिंगच्या फांदीत बसवला असेल तर मोटारीच्या पूर्ण भार प्रवाहाच्या 58 टक्क्यांवर लावायचा, मुख्य लाइनमध्ये असेल तर पूर्ण प्रवाहावर. शेतावरच्या मोटारी जळतात त्यांतल्या कितीतरी इथे, या चुकीच्या सेटिंगमुळे जळतात. तुम्ही बोअरचा स्टार्टर उघडलेला आहे, तेव्हा हा भाग तुम्हाला अवघड जाऊ नये.

वायरिंग करताना हात कसा चालतो हेही पाहतात. आपल्याकडे फेजला लाल, पिवळा, निळा, न्यूट्रलला काळा आणि अर्थिंगला हिरवा किंवा हिरवा-पिवळा हे रंग रूढ आहेत, परंतु यंत्रांच्या पॅनेलमध्ये आयईसी 60204 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार एसी कंट्रोलला लाल, डीसी कंट्रोलला निळा आणि पॉवरला काळा असे रंग येतात. काळी तार दिसली की न्यूट्रलच, असे गृहीत धरणारा उमेदवार धोक्याचा. ड्रॉइंगच्या पहिल्या पानावरची टीप वाचूनच तार हातात घ्या. एका टर्मिनलखाली दोन तारा तेव्हाच, जेव्हा ते टर्मिनल त्यासाठी बनवलेले असेल; अर्थिंगची तार मात्र नेहमी एका टर्मिनलला एकच. दारावर पुश बटण, दिवे किंवा मीटर असतील तर दाराला स्वतंत्र अर्थिंगची लवचीक तार लागते, कारण बिजागरीवर विसंबून राहता येत नाही. आमच्या भागातून दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या पॅनेलमध्ये ही एक तार नसल्याचे वारंवार आढळते आणि मला त्याची मनापासून चीड येते. दाराला हात लावणारा माणूस बहुधा शेतकरी किंवा मिलमधला मजूर असतो, त्याला विजेची जाण असेलच असे नाही.

तपासणीबद्दल विचारले तर क्रम असा सांगा: आधी वीज न देता नजरेने आणि मल्टिमीटरच्या बझरने प्रत्येक तार ड्रॉइंगशी ताडून पाहणे, मग प्रत्येक स्क्रू ठरलेल्या टॉर्कने (पिळाच्या जोराने) आवळून त्यावर रंगाची खूण करणे, मग अर्थिंगचे सातत्य, मग 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) इन्सुलेशन, आणि सर्वांत शेवटी वीज. लो व्होल्टेज पॅनेलसाठीच्या आयएस-आयईसी 61439 या मानकात अर्थिंगच्या मार्गाचा रोध 0.1 ओहमपेक्षा जास्त नसावा असे म्हटले आहे. मेगर लावण्यापूर्वी ड्राइव्ह (मोटारीचा वेग बदलणारे उपकरण), पीएलसी, एसएमपीएस (डीसी पुरवठा देणारे उपकरण) आणि सर्ज अरेस्टर (व्होल्टेजचे झटके अडवणारे उपकरण) वेगळे काढायचे असतात, हे न विचारता सांगितलेत तर परीक्षकाच्या मनात तुमच्याविषयी चांगले मत होईल. मेगरचे व्होल्टेज या इलेक्ट्रॉनिक भागांना सोसत नाही.

आता खानदेशापुरता एक मुद्दा, जो संस्थेत शिकवत नाहीत आणि ज्यासाठी मी हे सारे लिहायला बसलो. वर सांगितलेल्या 61439 मानकात आतील जागेत ठेवायच्या पॅनेलसाठी भोवतालच्या हवेचे तापमान 40 अंशांपेक्षा जास्त जाणार नाही आणि चोवीस तासांची सरासरी 35 अंशांच्या आत राहील, असे धरलेले आहे. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या आसपास जातो, आणि जिनिंग किंवा डाळ मिलच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. पेटीच्या आत आणखी भर पडते. घरगुती धाटणीचे एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारे स्विच) 30 अंशांवर जुळवलेले असतात, त्यामुळे 10 अँपिअरचा एमसीबी तापलेल्या पेटीत त्याहून कमी प्रवाहालाच पडतो. मालक म्हणतो एमसीबी खराब आहे आणि कोणीतरी त्या जागी 16 चा बसवून देतो. आता तार जळेल पण एमसीबी पडणार नाही, अशी अवस्था होते. ड्राइव्हचेही तेच, बहुतेक ड्राइव्ह 40 अंशांपर्यंतच पूर्ण क्षमतेने चालतात, त्यापुढे क्षमता कमी धरावी लागते. त्यात जिनिंगमध्ये कापसाचा तंतू पंख्याच्या जाळीवर बसतो आणि हवा बंद होते. म्हणून इथल्या पॅनेलमध्ये चॅनेल खच्चून भरू नये, ड्राइव्हच्या वर-खाली उत्पादकाने सांगितलेली मोकळी जागा सोडावी, जाळी बाहेरून काढून झटकता येईल अशी बसवावी. ड्रॉइंग पुण्या-मुंबईकडून आलेले असेल तर त्यात हे नसते. इथला वायरमन ते पाहून साहेबांना सांगू शकला, तर त्या पॅनेलचे आयुष्य वाढते.

या कारणासाठी मीही जळगावच म्हणेन. ज्या हवेत पॅनेल चालायचे आहे त्याच हवेत ते बनवायला शिकणे आणि वर्ष-दोन वर्षांनी तेच पॅनेल दुरुस्तीला आल्यावर उघडून पाहणे, हे शिक्षण लाइनवर मिळत नाही.

उत्तर 5
हार्नेसवाली, मूळ रावेर

तुमचा खुलासा वाचला. दुचाकीची लाइन आणि तीही कंत्राटी असेल तर मीसुद्धा जळगावच्या बाजूने. पॅनेलचे वर्ष पूर्ण करा. त्यानंतर विशेष हार्नेसकडे यावेसे वाटले तर ड्रॉइंग वाचता येणारी मुलगी कुठल्याही गुणवत्ता विभागाला हवी असते. फक्त एक करा: जळगावला क्रिंपिंगची पकड शेवटची कधी तपासली हे विचारा आणि कोणी हसले तरी विचारत राहा.

प्रश्नकर्तीचा खुलासा
तापीकाठ

सर्वांचे आभार. वडिलांना आणि काकांना हे सारे वाचून दाखवले. दाराच्या अर्थिंगचे ऐकून काकांनी आमच्या बोअरच्या पेटीचे दार उघडायला लावले. तिथे ती तार नव्हती, ती आज बसवली. मी जळगावला जायचे ठरवले आहे. शेवटचे एक विचारते: शिकाऊ उमेदवारीची कागदपत्रे करताना कशाकडे लक्ष द्यावे?

उत्तर 6
पॅनेल सुपरवायझर, जळगाव

ताई, चांगला निर्णय घेतलात. शिकाऊ उमेदवारी 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली होत असेल, तर तुमचा आणि कारखान्याचा करार शासनाच्या पोर्टलवर नोंदला जातो. ती नोंद झाली का हे स्वतःच्या लॉगिनमधून पाहा, कारखान्यातून तोंडी मिळालेल्या होकारावर थांबू नका. करारात ट्रेड म्हणून इलेक्ट्रिशियन लिहिले आहे ना, कालावधी बरोबर आहे ना आणि बँक खात्याचा तपशील तुमच्या नावाचा आहे ना, हे नीट वाचून घ्या. वर्षाअखेर परीक्षा देऊन मिळणारे राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र या नोंदीवरच अवलंबून असते. साधे ‘ट्रेनी’चे पत्र त्याची जागा घेत नाही.

या कायद्यानुसार शासनाच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय शिकाऊ उमेदवाराकडून जादा वेळ काम करून घेता येत नाही आणि कामावर इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकावर असते. वर्ष संपल्यावर कायम नोकरी देण्याचे बंधन मात्र करारात तसे लिहिलेले नसेल तर मालकावर नाही, तेव्हा त्या अपेक्षेने जाऊ नका.

आणि एक वही ठेवा. प्रत्येक पॅनेलचे ड्रॉइंग क्रमांक, तुम्ही त्यात केलेला भाग, टेस्टिंगला निघालेला दोष आणि त्याचे कारण त्यात लिहीत जा. पुढच्या मुलाखतीला ती वही प्रमाणपत्राबरोबर टेबलावर ठेवायची. सुरक्षेसाठी बंद गळ्याचे सुती कपडे, केस बांधलेले, हातात बांगडी किंवा अंगठी नाही, आणि स्वतःचा टेस्टर व स्ट्रिपर पहिल्या दिवसापासून स्वतःचाच. स्ट्रिपर घेताना दीड आणि अडीच स्क्वेअरचे खाचे दुकानातच तारेवर चालवून पाहा. तांब्यावर ओरखडा उठला तर तो परत ठेवा आणि दुसरा मागा.